शेवटच्या जिन्याची दारं

“माझ्या हातचं दार आजवर अडलेलं नाही.”

हे वाक्य मामाने पहिल्यांदा कधी म्हटलं ते कुणालाच आठवत नाही. मामीच्या मते, तो पहिल्यांदा तिच्या घरी आला तेव्हाच, म्हणजे माणसाने जरा दबून बसायचं असतं त्या दिवशी. तिच्या वडिलांनी विचारलं, “काय करता आपण?” तर हा उत्तर द्यायचं सोडून उठला आणि त्यांच्याच घराचं दार उघडून-मिटून बघायला लागला. “हे खालून घासतंय,” म्हणाला, आणि मग ते वाक्य.

“माझ्याकडे बघायच्या आधी यांनी दाराकडे बघितलं,” मामी अजून सांगते. “तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं मी.”

मामा सुतार. त्याच्या बरोबरीची माणसं त्याला रंध्या म्हणत, कारण पेटीत करवत, पटाशी, गुण्या सगळं असलं तरी हातात कायम रंधा असे. बोलताना तो रंधा तळव्यावर पालथा घालून त्याची धार अंगठ्याने तपासत राही, आणि समोरच्याला उगाच वाटे की आपल्याही अंगावरून काहीतरी उतरवलं जाणार आहे.

त्याचं आयुष्य चार जिन्यांमध्ये गेलं. आमच्याकडे इमारत म्हणत नसत, जिना म्हणत. काचेच्या कारखान्याने कामगारांसाठी बांधलेली ती लाल विटांची तीन मजली घरं होती. एका ओळीत चार प्रवेशद्वारं, प्रत्येकाच्या आत वळत वर जाणारा दगडी जिना आणि प्रत्येक मजल्यावर समोरासमोर दोन घरं. पहिला जिना रस्त्याला लागून, शेवटचा सगळ्यांत मागे. आम्ही दुसऱ्या जिन्यात राहायचो. माझी आई मामाची धाकटी बहीण. मामा शेवटच्या जिन्यात, तळमजल्यावर. शेवटच्या जिन्यातली माणसं जरा ताठ असत. त्यांच्या इमारतीचा कोपरा चौकोनी नव्हता, गोल होता, आणि त्या गोलाईत रंगीत काचांची एक उभी खिडकी होती. सकाळी तिच्यातून पायऱ्यांवर हिरवा-पिवळा उजेड पडायचा. त्या उजेडात कचऱ्याची बादली घेऊन उतरणारा माणूससुद्धा काही वेळ कुणीतरी मोठा वाटायचा.

तरुणपणी मामा कारखान्यात काचेच्या तावदानांसाठी लाकडी पेट्या बनवायचा. तिथे त्याला एक गोष्ट कळली आणि त्यानंतर दुसरं काही शिकायची गरज त्याला वाटली नाही. काच घट्ट बसवली की फुटते. तिला हलायला जागा द्यावी लागते, पण नेमकी. जास्त दिली तरी फुटते. ही नेमकी जागा मोजायला पेट्या बांधणाऱ्यांकडे जाड पुठ्ठ्याची एक पट्टी असे. कारखाना बंद पडला, माणसं पांगली, घरं एका मालकाकडे गेली. मालकाने डागडुजीसाठी मामाला ठेवून घेतलं. पुठ्ठ्याची पट्टी खिशातच राहिली.

जिन्यांतली दारं तो कारखान्यात असल्यापासूनच फावल्या वेळात करायचा, आणि तीही याच पट्टीने मोजायचा. दार मिटायचं, पुठ्ठा फटीत घालायचा आणि चौकटीच्या चारी बाजूंनी फिरवायचा. जिथे अडकेल तिथे रंधा. पुठ्ठा वरून, बाजूने, खालून अलगद फिरून परत हातात आला की दार झालं. दुसरे सुतार दार चौकटीत गच्च बसवण्यात कसब मानतात. मामाच्या दाराला चारी बाजूंनी एक बारीक, सारखी फट असायची.

“तुमच्या फटीतून आख्खा हिवाळा घरात येतो,” मामी म्हणायची.

“हिवाळा येतो, पण दार अडतं का?”

“मी गारठून मेल्यावर दार अडलं काय नि उघडलं काय!”

“उघडायला हवं ना. नाहीतर तुला बाहेर कसं काढणार?”

चारही जिन्यांतली दारं त्याच्या हातची झाली. आणि चारही जिन्यांत हळूहळू असं झालं की दार कुरकुरलं, घासलं, चिकटलं की लोक त्या दाराला दोष न देता मामाकडे जात, जसे दुखायला लागलं की वैद्याकडे जातात. शेवटच्या जिन्यातून बोलावणी जरा जास्त येत. तिथल्या चौकटी कलायच्या. चौकट एका बाजूला कलली की दार एका कोपऱ्यात घासतं आणि समोरच्या कोपऱ्यात पाचरीसारखी फट पडते. मामा घासणारी कड रंध्याने उतरवी. ज्या कडेला फट पडली असेल तिथला जुना रंग पार लाकूड दिसेपर्यंत खरवडी, कारण रंगावर सरस धरत नाही, आणि तिथे लाकडाची निमुळती पट्टी चिकटवी. मग सगळ्या दाराला नव्याने रंग. दार चौकटीबरोबर कलायचं, पण बघणाऱ्याला ते कळायचं नाही. पुठ्ठा पुन्हा अलगद फिरायचा.

दर महिन्याला मालकाचा माणूस भाडं गोळा करायला यायचा. एकदा मामा त्याला म्हणाला, “शेवटच्या जिन्यातल्या चौकटी हलतायत. बघायला हवं कुणीतरी.”

“का? दारं अडतायत?”

“माझ्या हातचं दार?” मामा दुखावून म्हणाला. “आजवर अडलेलं नाही.”

“मग झालं तर,” भाडेवाला म्हणाला आणि पुढच्या घराची कडी वाजवली.

हा किस्सा मामा स्वतःच हसत हसत सांगायचा. भाडेवाल्याची कशी जिरवली, अशा सुरात.

भूकंप सकाळी झाला. भांडी वाजली, मग भिंती वाजल्या. विटांनाही घसा असतो हे मला त्या दिवशी कळलं. पहिल्या जिन्याचं धुराडं छपरावरून अंगणात पडलं, मधल्या भिंतींचा गिलावा चादरीसारखा गळून आला. आणि त्या सगळ्या कल्लोळात एकामागून एक दारं उघडत गेली. चौकटी पिळल्या होत्या, पण त्या बारीक फटीने तो पीळ गिळला. माणसं आत होती तशी बाहेर आली; कुणी साबण लावलेल्या तोंडाने, कुणी एका पायात चप्पल घालून. रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत मात्र दारं चौकटीत चिणल्यासारखी बसली होती. आत लोक ओरडत होते आणि बाहेरून कुऱ्हाडी चालत होत्या.

मामा अंगणात उभा राहून माणसं मोजत होता. सगळी आहेत असं झाल्यावर तो मामीकडे वळला. मामी अंगावर पांघरूण घेऊन उभी होती, दात वाजत होते.

“हिवाळ्याबद्दल काही म्हणायचंय?” त्याने विचारलं.

मामीने पांघरूण आणखी घट्ट ओढून घेतलं.

त्या दिवसापासून ते वाक्य मामाचं राहिलं नाही, चारही जिन्यांचं झालं. लोक पाहुण्यांना दार दाखवून ते म्हणत. पण घरं टिकणार नव्हती. तपासणी करणारे आले, भिंतींवर लाल खुणा झाल्या, मग पत्र्यांचं कुंपण आणि पाटी: धोकादायक इमारत, आत येऊ नये. कुंपण लागेपर्यंतच्या काही महिन्यांत लोक तिथेच राहून घरं शोधत होते आणि मामा पिळलेल्या चौकटींप्रमाणे दारं पुन्हा बसवत होता. रिकाम्या होत जाणाऱ्या घराचं दार कुणी दुरुस्त करतं का? तो करायचा. सामान बाहेर नेताना ते उघडायला हवं, म्हणायचा.

त्यानंतर पुष्कळ वर्षं ती घरं नुसती उभी राहिली. पन्हळीतून झाड उगवलं. रंगीत खिडकीच्या काही काचा गेल्या आणि त्या भोकांतून कबुतरं ये-जा करू लागली. माणसं नसलेलं घर पडत नाही लगेच; ते आधी आपला आवाज विसरतं. मामा-मामी गावाच्या दुसऱ्या टोकाला नव्या वस्तीत राहायला गेले. तिथली दारं आतून पोकळ. मामाने पहिल्याच दिवशी दारावर बोटाने टकटक केली, तर खोक्यावर मारल्यासारखा आवाज आला. “हे दार नाही, दाराचं चित्र आहे,” तो म्हणाला आणि त्या दाराला त्याने कधी हात लावला नाही. ते रोज रात्री कुरकुरायचं. मामी म्हणायची, “गावभर दारं केली आणि घरात हे.” मामा म्हणायचा, “हे माझं घर नाही.” खरं तर हेच मामीचंही म्हणणं होतं. तिला परत जायचं होतं. त्या पायऱ्या, तो हिरवा-पिवळा उजेड, अगदी तो गारठासुद्धा तिला हवा होता.

मग विद्यापीठाने ती जागा घेतली. विद्यापीठ शेजारीच होतं आणि त्याला विद्यार्थ्यांसाठी खोल्या हव्या होत्या. आधी सगळं पाडायचं ठरलं. जुनी वास्तू म्हणून लोकांनी विरोध केला, सरकारी परवानगी अडकली. शेवटी असा तोडगा निघाला की भिंतींच्या आतून पोलादी सांगाडा उभा करायचा, जिने जपायचे, वरच्या मजल्यांवर विद्यार्थी राहतील आणि तळमजल्यावरच्या जुन्या रहिवाशांना त्यांचीच घरं परत राहायला मिळतील. ही बातमी कळली तशी मामी उठली. तिने कपाटावरची पडद्यांची जुनी पेटी खाली काढली आणि उन्हात ठेवली.

प्रश्न शेवटच्या जिन्याचा होता. पहिले तीन जिने सावरता येतील याबद्दल शंका नव्हती. शेवटच्याखालची जमीन मात्र भरीव नव्हती. तिथे पूर्वी तळं होतं आणि ते कारखान्याच्या राखेने आणि फुटक्या काचेने बुजवलेलं होतं. जुन्या रहिवाशांची मंडळी दर आठवड्याला जमू लागली. त्यांचे पुढारी म्हणजे मास्तर, शेवटच्या जिन्यात मामाच्या अगदी वर राहणारे. “गोल कोपरा गेला तर मग राहिलं काय?” ते टेबलावर हात आपटून विचारत. “आणि ज्या इमारतीतलं एकही दार भूकंपात अडलं नाही, तिला कमकुवत कोण म्हणतं?” मग सगळे मामाकडे बघत आणि मामा रंधा तळव्यावर पालथा घाली.

विद्यापीठाने नेमलेल्या इंजिनिअर बाईला मंडळी पोलादबाई म्हणत. ती कमी बोलायची आणि विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर द्यायची, म्हणून सुरुवातीला कुणाला आवडायची नाही. तिने एक दिवस मामाला बोलावलं. मास्तर बरोबर गेले. मामी, “मला माझं घर बघायचंय,” म्हणून गेली. मी गाडी चालवत होतो म्हणून गेलो.

काम चालू करण्याआधी सगळी दारं काढून अंगणातल्या शेडमध्ये ठेवली होती. बाईने शेवटच्या जिन्यातलं एक दार दोन लाकडी घोड्यांवर आडवं ठेवलं होतं. ते मामाच्याच घराचं दार होतं. आडवं पडल्यावर ते पहिल्यांदाच खरं दिसलं. चौकोन नव्हताच तो. वाऱ्याने ढकलल्यासारखं ते एका बाजूला झुकलेलं होतं आणि त्याच्या खालच्या कडेला पट्ट्यांवर पट्ट्या बसल्या होत्या.

“काका,” ती म्हणाली, “या जिन्यातली सगळी दारं अशी आहेत. बाकीच्या तीन जिन्यांत एखाददुसरीच पट्टी आहे. मला एवढंच सांगा, या पट्ट्या कधीच्या आहेत?”

“का?”

“भूकंपानंतरच्या असतील तर घर त्या धक्क्याने एकदाच कललं. खालची राख तोवर दबून बसली होती, असं म्हणता येईल. मग पाया खाली नेऊन हा जिना ठेवता येतो. पण आधीपासून एकेक लागत आल्या असतील, तर जमीन तेव्हाही खचत होती आणि अजून खचतेय. आम्ही माती तपासली. तिचा अर्थ दोन्ही बाजूंनी लागतो. रंगाच्या थरांवरून कळलं असतं, पण तुम्ही दर वेळी सगळा रंग खरवडलाय.”

“रंगावर सरस धरत नाही,” मामा म्हणाला.

“हो. म्हणून तुम्हालाच विचारतेय.”

मास्तर पुढे झाले. “भूकंपानंतर हा कितीतरी दिवस दारंच दुरुस्त करत होता, बाई. आम्ही साक्षीदार आहोत. सांग की रे रंध्या. नंतरच्याच ना सगळ्या?”

शेडमध्ये जुन्या लाकडाचा वास होता. पत्र्यावर एक कबूतर चालत होतं, त्याची नखं ऐकू येत होती. मामी दाराच्या दुसऱ्या बाजूला उभी होती आणि तिने आपला हात कडीवर ठेवला होता, जसा बाहेरून आल्यावर ठेवायची तसा.

“वर कोण राहणार?” मामाने विचारलं.

“विद्यार्थी,” बाई म्हणाली. “वरच्या सगळ्या मजल्यांवर.”

मामाने चष्मा वर केला आणि दाराच्या कडेवरून अंगठा फिरवला. अंगठा पहिल्या पट्टीवर थांबला.

“ही मोठी चालायला लागली तेव्हाची,” तो म्हणाला. मोठी म्हणजे त्याची मुलगी. अंगठा पुढे सरकला. “ही ती शाळेत जायला लागली तेव्हाची. ही कारखान्याच्या शेवटच्या वर्षातली, पेटीचं लाकूड आहे बघा, खिळ्याचं भोक दिसतंय. ही तिच्या लग्नाच्या आदल्या वर्षीची.” मग शेवटची, कागदासारखी पट्टी. “आणि ही भूकंपानंतरची. सगळ्यांत पातळ हीच.”

मास्तरांनी मान दुसरीकडे वळवली.

“नक्की?” बाईने विचारलं.

“माझ्या हातचं आहे,” मामा म्हणाला. त्याच्या आवाजात पश्चात्ताप नव्हता. उलट, एखाद्याने आपली मुलं ओळखून दाखवावीत तसा तो ताठ उभा होता. “घर इतकी वर्षं खाली चाललं होतं आणि मी त्याच्याबरोबर दार चालवत होतो. एकदाही मागे राहिलो नाही.” मग तो म्हणाला, “ते अडलं असतं तर लोकांनी बोंब मारली असती. कुणीतरी खाली बघितलं असतं. हेच म्हणायचंय ना तुम्हाला?”

“मी काही म्हटलं नाही, काका.”

“म्हणा. मी म्हटलंच आहे.”

परतताना गाडीत मामी खिडकीबाहेर बघत होती. घर आलं. कुलूप उघडलं, पोकळ दार कुरकुरलं. मामीने पिशवी खाली ठेवली.

“म्हणजे आता याच खोक्याच्या आड म्हातारपण काढायचं.”

“तसंच दिसतंय.”

“मला विचारलं नाहीत तुम्ही.”

“विचारलं असतं तर तू काय सांगितलं असतंस?”

मामी आत गेली. आतून तिचा आवाज आला. “छिलपे मीच झाडायचे ना दर वेळी? मला काय ठाऊक नव्हतं, कधी किती पडले ते?” मग भांड्यांचा आवाज, मग पुन्हा ती दारात आली. “आणि एक ऐका. दार अडलं असतं तर लोकांनी बोंब मारली असती म्हणे! त्या सकाळी अडलं असतं तर बोंब मारायला मी उरले असते का? उगाच दोन्हीकडून स्वतःला छिलत बसू नका. त्यापेक्षा हे दार बघा. रात्री झोप लागत नाही मला.”

मामाने पेटी ओढली. त्या घरात राहायला आल्यापासून त्या दाराला त्याने पहिल्यांदाच हात लावला.

शेवटचा जिना पाडायचं ठरलं. मंडळींची बैठक झाली, त्यात मामा गेला नाही. “स्वतःच्या घरावर रंधा फिरवला रंध्याने,” असं कुणीतरी म्हणालं आणि ते वाक्य जुन्या वाक्यापेक्षा लवकर पसरलं. बाजारात लोक त्याला बघून भाजीकडे बघू लागले. मास्तरांनी बोलणं सोडलं. मामावर याचा परिणाम झाला नाही असं नाही. त्याची मान आणखी ताठ झाली. “मी खरं सांगितलं, त्याचीही माफी मागू काय?” तो म्हणायचा. रोज सकाळी दाढी करून तो कुंपणापाशी जायचा आणि पाडकाम बघत उभा राहायचा. इमारत यंत्राने पाडली नाही. विटा हाताने उतरवल्या, कारण पुढच्या तीन जिन्यांच्या दुरुस्तीला त्याच लागणार होत्या. रंगीत खिडकी चौकटीसकट गादीत गुंडाळून नेली. घर वरून खाली, ज्या क्रमाने बांधलं त्याच्या उलट्या क्रमाने, परत जमिनीत गेलं.

पाया उकरला त्या दिवशी मास्तरही आले होते, पण दूर उभे होते. फरशी निघाली आणि खाली राख दिसली, करडी, ओलसर, आणि तिच्यात फुटक्या काचेचे हिरवे तुकडे चमकत होते. खोदणारं यंत्र पुढे सरकलं तसं त्याचं एक चाक त्या राखेत रुतलं, मग आणखी रुतलं, आणि चालकाने घाईघाईने उडी मारली. ते बाहेर काढायला दुपार गेली. मास्तर सावकाश चालत मामाशेजारी येऊन उभे राहिले.

“रंध्या,” ते म्हणाले, “आपल्या खाली काहीच नव्हतं रे.”

“होतं की,” मामा म्हणाला. “काच होती. माझ्या आधीच्या कुणी भरलेल्या पेट्यांतली फुटकी असेल.”

मास्तर हसले. पुढच्या आठवड्यापासून ते दोघे कुंपणापाशी बरोबर उभे राहू लागले.

तीन जिने सावरायला बराच काळ लागला. शेवटच्या जिन्याच्या जागी काही बांधायचं नाही असं विद्यापीठाने ठरवलं. तिथे अंगण राहणार होतं आणि तिसऱ्या जिन्याच्या तळमजल्यावर, कुणी परत न आलेल्या घरांच्या जागी, विद्यार्थ्यांसाठी एक मोठी सामाईक खोली, त्या अंगणाकडे उघडणारी. एक दिवस पोलादबाई मामाच्या घरी आली. आत येताना तिने पोकळ दार उघडून-मिटून बघितलं. ते अजिबात वाजलं नाही. मामाने ते बघितल्याचं तिने बघितलं.

“तुमच्या घराचं दार आम्हाला त्या खोलीत ठेवायचंय,” ती म्हणाली. “समितीचं म्हणणं, भिंतीवर लावावं. खाली माहितीची पाटी.”

“भिंतीवर? दार म्हणजे काय खुंटीवरचा कोट आहे? दार उघडायला हवं.”

“मलाही तेच वाटतं. अंगणाकडे जायला मोठं दार आहेच, शेजारी आणखी एक ठेवता येईल. पण चौकट नवी आहे, भिंत सरळ आहे. दार थोडं सरळ करून घ्यावं लागेल.”

मामाने रंधा टेबलावर ठेवला. “बाई, माझं दार सरळ आहे. तुमची चौकट वाकडी हवी.”

पोलादबाईला मी पहिल्यांदाच खळखळून हसताना बघितलं. पण तिने ते गंमत म्हणून घेतलं नाही. तिने दार मोजलं आणि सरळ भिंतीत, पोलादी सांगाड्याच्या आत, नेमक्या तेवढ्याच कलाची चौकट बसवून घेतली. ते काम करणारा सुतार तीन वेळा विचारायला आला म्हणे, नकाशात चूक तर नाही ना. दार मात्र मामाने स्वतः बसवलं. स्क्रू दोनदा पडला. मामी बिजागऱ्या धरून उभी होती आणि “जरा डावीकडे, अहो, डावं कुठलं ते तरी आठवतंय का?” असं चाललं होतं. मामाने एकाही पट्टीला हात लावला नाही.

उद्घाटनाला खोली भरलेली होती. जुने रहिवासी पुढच्या रांगांत, मागे विद्यार्थी भिंतीला टेकून. गुंडाळून नेलेली रंगीत खिडकी आता या खोलीच्या भिंतीत होती आणि तिचा हिरवा-पिवळा उजेड लोकांच्या चपलांवर पडला होता. कुलगुरूंनी पोलादाबद्दल सांगितलं, वारशाबद्दल सांगितलं. मग ते म्हणाले की या जागेवर आज मुलं निर्धास्त झोपणार आहेत, याचं मोठं श्रेय एका माणसाच्या खरेपणाला आहे. त्यांनी वाकड्या चौकटीकडे बोट दाखवलं आणि मामाला दोन शब्द बोलायची विनंती केली.

टाळ्या वाजल्या. मास्तर सगळ्यांत जोरात वाजवत होते. तो काय म्हणणार हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पुढच्या रांगेत दोघंतिघं ते वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणायलाही लागली होती. मामी त्याची कॉलर सारखी करत कुजबुजली, “लांबवू नका.”

मामा उठला. ध्वनिक्षेपकाकडे न जाता तो दाराकडे गेला. खिशातून त्याने पुठ्ठ्याची पट्टी काढली, कडा झिजून मऊ झालेली, आणि मिटलेल्या दाराच्या फटीत घातली. टाळ्या थांबल्या. पट्टी वरून सरकली, बाजूने उतरली, खालून फिरली, जिथे पाच पट्ट्या आहेत तिथूनही, आणि कुठेही न थांबता परत त्याच्या हातात आली. त्याने ती खिशात ठेवली. मग आमच्याकडे एकदा वळून बघितलं, मामीकडे जरा जास्त वेळ, आणि दार ओढलं. बाहेर अंगणात, जिथे त्याचं घर होतं, तिथे ऊन पडलं होतं. मामा ताठ मानेने, ते वाक्य न म्हणताच, त्यात निघून गेला.